सोबत एकच, रक्ताचा किंवा लग्नाचा

अॅम्ब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं, इंजिन चालू होतं आणि मी दारात दोन्ही हात पसरून उभी होते. कबड्डीत शेवटचा गडी उरतो ना, तशी. आत स्ट्रेचरवर वच्छीबाय. नाकाला ऑक्सिजन, अंगावर हॉस्पिटलची हिरवी चादर, केसांतला अबोलीचा गजरा मात्र जागच्या जागी. बाहेर तिच्या गावच्या बायकांचा घोळका. वाळूच्या टेम्पोत उभ्या राहून आल्या होत्या सगळ्या.

"हिची नातेवाईक कोण?" मी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले.

"रक्ताची?"

निम्मे हात खाली आले.

"खरं सांगा हं. मी खात्री करून घेते."

उरलेले हातही खाली आले. कोणीतरी पुटपुटलं, "ही शिष्टर हाय का पोलीस?"

तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. मी ते मनात जपून घरी नेलं आणि नवऱ्याला ऐकवलंसुद्धा. आता आठवलं की उशीत तोंड लपवावंसं वाटतं.

मी पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर होते. कॅज्युअल्टी म्हणजे अपघात, साप, छातीत दुखणं, विष, बाळंतीण अडली, जे काही दारात अचानक येतं ते सगळं. आमच्याकडे जेवढं जमायचं तेवढं आम्ही करायचो. त्यापुढचं असेल तर पेशंट 'रेफर', म्हणजे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात रवाना. रेफर केलं की अॅम्ब्युलन्स आली, आणि अॅम्ब्युलन्स आली की भांडण आलं. आत कोण बसणार?

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. विमानतळ येणार येणार म्हणून नुसत्या बाता चालल्या होत्या आणि पनवेलात जो तो जमिनीचा भाव सांगत फिरत होता. मी पंचेचाळिशीची होते. आज माझी नातवंडं मला बघतात ती गुडघ्याला तेल चोळताना, नाहीतर जावयाच्या वाटीत गुपचूप तिखटाचा चमचा रिकामा करताना. त्यांना सांगितलं की एके काळी माझ्या चपलांचा आवाज ऐकून वॉर्डबॉय विडी विझवायचे, तर हसतात. खरं आहे पण ते. युनिफॉर्मला इतकी खळ घालायचे की मी खुर्चीवर बसले की कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. आणि माझा स्वतःवर फार विश्वास होता. अंगात काही आजार असेल तर तो हाच.

तर, आत कोण बसणार. या बाबतीत आधी काहीच नियम नव्हता. जो चढेल तो बसेल. एकदा खेडेगावातून आलेल्या एका दमेकरी म्हाताऱ्याला शिफ्ट करायचं होतं. त्याच्याबरोबर मागे सातजण चढले. एकाच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी होती, मुंबईच्या बहिणीसाठी. गाडी बेलापूरच्या पुढे गेल्यावर ड्रायव्हर इस्माईलभाईने सहज मागे पाहिलं तर म्हातारा निळा पडायला लागलेला. ऑक्सिजनच्या नळीवर त्याचा व्याही बसला होता. मांडी घालून, निवांत.

म्हातारा वाचला. पण आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट, भयंकर चिडले. मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, हे बंद झालं पाहिजे. एक नियम करा आणि पाळा."

"सर, एकच नातेवाईक?"

"एकच. आणि खरा नातेवाईक. तिकडे ऑपरेशनची सही लागते. शेजारीपाजारी जाऊन काय करणार?"

मी त्याच दिवशी पेंटरला बोलावून बोर्ड रंगवून घेतला. 'अॅम्ब्युलन्समध्ये पेशंटसोबत एकच नातेवाईक. रक्ताचा किंवा लग्नाचा.' शेवटची ओळ माझी. लाल रंगात. पेंटर म्हणाला, "बाई, एवढं लिहायची गरज आहे का?" मी म्हटलं, "तू रंग दे."

बोर्ड लागला आणि आठवड्याभरात वच्छीबाय त्याच्यावर येऊन आदळली.

ती आपट्याच्या बाजूच्या एका आगरी गावातली. नदीकाठचं गाव. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, भाऊबंद कोणी उरलेलं नाही. पण गावात तिच्याशिवाय पान हलत नसे, कारण ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरात परत येईपर्यंत प्रत्येक विधीला गाणी लागतात, त्यांना धवले म्हणतात. ते जी गाते ती धवलारीण. ब्राह्मण एक वेळ उशिरा आला तर चालतो, धवलारीण हवीच. गावातल्या झाडून सगळ्या जोड्या तिच्या गाण्यावर लागलेल्या. त्यामुळे गावातलं कोणी आजारी पडलं की ती हॉस्पिटलला सोबत येणार, हे जणू ठरलेलंच होतं. दातांना मिशरी, कमरेला पानसुपारीची चंची, आवाज असा की ओपीडीतून हाक मारली तर दुसऱ्या मजल्यावरचे पेशंट उठून बसतील.

गाडीत ती पेशंटच्या उशाशी बसायची आणि रस्ता सांगायची. म्हणजे अक्षरशः रस्ता सांगायची. अॅम्ब्युलन्सच्या मागच्या काचा दुधाळ असतात, बाहेरचं दिसत नाही. पेशंट उताणा. वच्छीबाय ड्रायव्हरच्या पाठीमागच्या झडपेतून डोकवायची आणि आत बातमी द्यायची. "ही कलंबोली आली गो. आता पूल चरतंव, पोट धर. आता उतरलू. कामोठं. तिकडं तुझ्या नंदंचं घर ना, तिच्या दारात रिक्षा उभी हाय बग." नणंदेचं घर रस्त्यावरून दिसणं शक्यच नव्हतं. पण सांगायची.

मला हे इस्माईलभाईने सांगितलं. तो पनवेलच्या मोहल्ल्यातला, आमच्याकडे माझ्याही आधीपासून गाडीवर.

"सिस्टर, वो बोलती रहती है ना, तो पेशंट चूप पडा रहता है. चिल्लाता नहीं. और मेरे को भी झोप नाही लागत."

"इस्माईलभाई, ही अॅम्ब्युलन्स आहे, क्रिकेटची मॅच नाही. कॉमेंट्री कशाला हवी?"

तो हसला नाही. मला वाटलं, त्याला विनोद कळला नाही.

बोर्ड लागल्यानंतर वच्छीबाय पहिल्यांदा आली ती गावच्या एका बाळंतिणीला घेऊन. मुलगी पहिलटकरीण, बाळ आडवं. सासू सोबत होती, पण सासूला गाडी लागायची. तिने आधीच पदर तोंडाला लावला होता. वच्छीबाय नेहमीसारखी चढली. मी खाली उभी.

"तू कोण लागतेस हिची?"

"मी? मी मावशी."

"सख्खी?"

"सख्खीच समजा ना बाय."

मी सासूला विचारलं, "ही हिची मावशी आहे का?" सासू बिचारी सरळ. म्हणाली, "नाय, आमची धवलारीन हाय ती. हिच्या लगनात धवला हिनंच गायलाय."

"म्हणजे कोणीच नाही," मी म्हटलं. आणि मग ते बोलले जे बोलायची काही गरज नव्हती. चांगलं खणखणीत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खोटं बोलून गाडीत बसतेस? फुकटात मुंबई फिरायला मिळते म्हणून?"

वच्छीबाय खाली उतरली. आवाज चढवेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. मी तयारीतही होते. पण तिने फक्त चंची सोडली, परत बांधली आणि म्हणाली, "मुंबई? त्या काचंतून?"

सासू ओकत ओकत गेली. बाळंतीण सुखरूप सुटली, मुलगी झाली. मला वाटलं, बघा, नियम पाळला तरी सगळं नीट होतं.

त्यानंतरही वच्छीबाय येत राहिली. गावचे पेशंट यायचे, ती दारापर्यंत यायची. पण एक बदल झाला. "कोण लागतेस" असं मी विचारलं की ती ताठ मानेने सांगायची, "कोनी नाय." खोटं परत कधी बोलली नाही. मी "मग मागे हो" म्हणायचे, ती मागे व्हायची, आणि बंद दारावर थाप मारून आतल्या माणसाला ओरडून सांगायची, "डरू नको रं, कलंबोली लगीच येतंय!" मग पायरीवर बसून मिशरी लावायची. मी मनात म्हणायचे, जिंकले.

काय जिंकले होते कोणास ठाऊक. बक्षीस तर कुठे दिसलं नाही.

आणि मग ती दुपार. तिला गावात छातीत कळ आली, घाम फुटला. बायकांनी टेम्पो काढला आणि आणलं. ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो बघून ड्युटी डॉक्टर म्हणाले, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला, आपल्याकडे हे होणार नाही. आमचा अटेंडंट शिवराम मागे बसणार होता, ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला. भला माणूस. पण बोलायची वेळ आली की दात दुखत असल्यासारखा चेहरा करायचा.

तर मी दारात हात पसरून उभी, आणि खाली आलेले सगळे हात.

गर्दीतून हिरा पुढे आली. हिरा म्हणजे वच्छीबायची शेजारीण, तिशीच्या आतली, दोन मुलांची आई. तिचंही लग्न वच्छीबायच्याच गाण्यावर लागलेलं. तिनेच वच्छीबायला ओटीवर पडलेली पाहिली होती.

"मना बसू द्या, शिष्टरबाय. ती एकली कशी जाईल?"

"तू कोण लागतेस?"

"शेजारीन. पन मी तिचंच जेवन करतंय, तिचंच पानी भरतंय."

"शेजारीण बोर्डावर नाही."

मागून एक म्हातारी म्हणाली, "बोर्डावं तू तरी हायस का गो?"

सगळ्या हसल्या. तशा स्थितीतही. स्ट्रेचरवर वच्छीबायच्या पोटावरची चादर हलली, म्हणजे तीही हसली. माझे कान तापले. इस्माईलभाई सीटवरून वळून म्हणाला, "सिस्टर, एक को बैठने दो ना. जगह है."

"जागेचा प्रश्न नाही, इस्माईलभाई."

"तो किसका सवाल है?"

मी आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, पेशंटला नातेवाईकच नाही."

"मग बसवा कोणाला तरी. अडलंय कुठे?"

"पण सर, बोर्ड..."

"बोर्ड तुम्ही लिहिलाय, सिस्टर. तुम्हीच ठरवा. मी ऑपरेशन थिएटरमध्ये चाललोय." फोन ठेवला.

म्हणजे वरून काही अडचण नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगताना "वरून ऑर्डर होती" असं सांगत असे. सोपं जातं तसं.

फोन ठेवून मी दारात परत आले तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आजही आठवतं. आज हिच्यासाठी शेजारीण बसवली, तर इतके दिवस हिला खाली उतरवलं ते कशासाठी? उद्या सगळं गाव मला हसेल. आत एका बाईचं हृदय धडपडतंय आणि बाहेर एक बाई स्वतःच्या इभ्रतीचा हिशेब मांडतेय. पण अगदीच दगड नव्हते मी. मला एक फट हवी होती. कोणीतरी मला एक बरंसं खोटं सांगावं आणि मी ते खरं मानावं, एवढंच मला हवं होतं.

ते खोटं हिराने सांगितलं. पदर खोचून पायरीवर आली आणि म्हणाली, "मी लेक हाय तिची."

मी हिराकडे बघितलं. मी "बस" म्हणणार होते. देवाशपथ म्हणणार होते. फक्त सवयीने, इन्चार्ज सिस्टरच्या सवयीने, आत वाकून विचारलं, "खरं का, वच्छीबाय?"

ती माझ्याकडे बघत होती. ऑक्सिजनची नळी तिने बोटाने जराशी बाजूला केली.

"नाय गो हिरे," ती म्हणाली. "माझी कोनी नाय तू. शिष्टरबायला खोटं खपत नाय."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं. ती खरंच हिराला समजावत होती, लहान मुलीला सांगावं तसं. पाहुण्यांच्या घरी असं करू नये, त्यांना चालत नाही.

हिरा पायरीवरून उतरली. मी दार लावलं. दारावर थाप मारून ओरडणारी आत होती, त्यामुळे बाहेरून थाप पडली नाही. गाडी गेली.

माझी ड्युटी थोड्याच वेळात संपली. मीही त्या गाडीत बसू शकले असते. युनिफॉर्म अंगावर होता, मला कोण अडवणार होतं? हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आलं असतं तरी बहुतेक म्हटलं असतं, मी कोण लागते तिची.

बायका टेम्पोने मागे निघाल्या. कळंबोलीला अडकल्या, पुढे टेम्पोचा टायर बसला. मुंबईत त्या हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. वच्छीबाय आयसीयूत. हिराने काचेतून हात हलवला, तिने ओळखलं.

ती वाचली. सही कोणाची घेतली विचाराल, तर तिचाच अंगठा घेतला. शुद्धीत असलेल्या माणसाचा स्वतःचा अंगठा चालतो. हे मला माहीत होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

दीड-दोन महिन्यांनी ती आमच्याकडे बीपी दाखवायला आली. हिरा सोबत. मी पट्टा बांधायचं काम मुद्दाम स्वतःकडे घेतलं. दंड पार उतरला होता, पट्टा दोनदा फिरला.

"कसा झाला प्रवास?" मी विचारलं. म्हणजे मला माफी मागायची होती. पण तोंडाला तो सरावच नव्हता, म्हणून एसटीतून आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं.

"परवास?" ती हसली. मिशरी बंद झाल्याने दात जरा उजळले होते. "कललंच नाय कुठं आलू त्या. वर पत्रा, बाजूला ती पांदरी काच. गारी वलली की वाटं, कलंबोली. परत वलली की वाटं, नाय, ती आता आली असंल. मी शिवरामला इचारलं, भाऊ, कुठं आलू रं? तो बोल्ला, येईल आता, झोपा."

"मग?"

"मग काय. मी बोल्ली, पुलाखालची खारी तरी कलंल. वाशीच्या खारीचा वास येतो ना, चिखलाचा. आमी मिठागरावली मानसं, आमाना तो वास झोपंत पन कलतो. वास घेत रायली, घेत रायली. तो आलाच नाय. नाकावं तुमची नली, सगला अवशदाचाच वास. मना वाटलं, खारी गेली, मुंबय गेली, मी कवाच मेली आन ही गारी आता असीच जानार."

पट्टा अजून दंडावर होता. मी हवा भरायची विसरले होते.

"शिष्टरबाय, भरा ना," ती म्हणाली. "हात दुखाया लागला."

मी शिवरामला बोलले. तो म्हणाला, "सिस्टर, मला सिलिंडरकडे बघायला सांगितलं होतं. मी सिलिंडरकडे बघितलं." बरोबर होतं त्याचं. नियमाप्रमाणे त्या दिवशी सगळं नीट झालं होतं.

मी पेंटरला परत बोलावलं. 'रक्ताचा किंवा लग्नाचा' ही ओळ पुसून घेतली आणि लिहून घेतलं, 'पेशंट सांगेल तो.' मोठे डॉक्टर येताजाता बोर्ड वाचून थबकले.

"सिस्टर, पेशंटने गल्लीतल्या पानवाल्याचं नाव सांगितलं तर?"

"तर पानवाला बसेल, सर. एकटाच बसेल."

ते मान हलवत निघून गेले. मला वाटलं, झालं, फिटलं. माझा उत्साह बघा, मी नवीन बोर्ड बघायला वच्छीबायला निरोपसुद्धा धाडला. जशी काही तिच्या नावाने शाळा बांधली होती.

पावसाळ्यानंतर हिराच पेशंट म्हणून आली. पोटात मोठा गोळा, ऑपरेशन मुंबईला. मी ऐटीत अॅम्ब्युलन्सच्या दारात गेले आणि विचारलं, "हिरा, सोबत कोण हवं? तू सांगशील ते."

"वच्छीमावशी," हिरा म्हणाली.

वच्छीबाय फाटकापाशी उभी होती. सगळे तिच्याकडे वळले. मी तर हात पुढे केला, तिला वर चढायला मदत म्हणून. ती दोन पावलं आली आणि आतल्या स्ट्रेचरकडे, वरच्या पत्र्याकडे बघून थांबली.

"चल ना, वच्छीबाय. बोर्ड बदललाय आता."

"बोर्ड झाला गो बदलून," ती म्हणाली, "पन मना त्या पेटीत आता बसवत नाय. आत गेली की परत तसंच होईल. हिला काय सांगू मी, कुठं आलू? माझीच जीभ टालूला लागंल." मग हिराच्या नवऱ्याला पुढे ढकललं. "तू बस रं. आन गप नको बसू. बोलत रा."

तो बसला. तोही मुखदुर्बळच होता. इस्माईलभाई नंतर म्हणाला, कळंबोलीपर्यंत दोघं एकमेकांकडे नुसते बघत होते.

ती परत कधीच अॅम्ब्युलन्समध्ये बसली नाही. गावचे लोक बोलवायला जायचे, ती म्हणायची, "मी कोन लागतंय?" रागाने नाही. लोक सांगतात, हसत म्हणायची. लग्नात गायची मात्र, आवाज बसेपर्यंत. पुढे काही वर्षांनी तिला दुसरा झटका आला. हिराने गाडी बोलावली होती. वच्छीबायने ओटीचा खांब धरला आणि सोडला नाही. तिथेच गेली. हिरा सांगते, आजूबाजूला सगळं गाव होतं, नळीवर बसणारे, ओकणारे, सगळे. मी गेले नाही. मला उशिरा कळलं, असं मी सांगते. वेळेवर कळलं होतं.

रिटायर झाल्यावरही नव्या सिस्टर मुली कधीमधी मला बोलवतात, अनुभव सांगा म्हणून. मी त्यांना एवढंच सांगते. माणूस एकच बसवा, त्यात बदल नको. सात बसले की ऑक्सिजनच्या नळीवर कोणाचं तरी बूड येतंच. पण तो एक कोण, हे पेशंटला विचारा. पेशंट बेशुद्ध असेल तर बाहेर सगळ्यांत जास्त बडबड कोण करतंय ते बघा, आणि त्याला उचलून आत घाला. मुली हसतात. मग चहा येतो.

मागच्या उन्हाळ्यात मी बाथरूममध्ये घसरले आणि खुबा मोडून घेतला. आमच्याच जुन्या हॉस्पिटलात नेलं. तिथून मुंबईला रेफर. कॅज्युअल्टीची सिस्टर अगदी कोवळी होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने दारात उभं राहून पाठ केल्यासारखं विचारलं, "आजी, सोबत एकच. कोण हवं तुम्हाला?"

माझा मुलगा एक पाय पायरीवर ठेवून तयार होता.

"नात," मी म्हटलं.

"आई, अगं ती बारावीत आहे. तिला काय कळतं? मी येतो."

"तुला रस्त्यात फोन येतात. ती गप्प बसत नाही. तिलाच पाठव."

नात चढली. हातात मोबाइल होताच. मी म्हटलं, "तो ठेव खिशात. त्या झडपेतून बाहेर बघ आणि मला सांगत राहा, कुठे आलो."

"मॅप लावते ना, आजी. परफेक्ट सांगेन."

"मॅप नको. तू बघून सांग. आणि खाडी आली की नक्की सांग, विसरू नकोस. मला तिचा वास घ्यायचाय."

पोरीने जीव तोडून सांगितलं. कळंबोली, कामोठे, मध्येच एका ट्रकवर लिहिलेला शेर, एका बाइकवर चाललेली बकरी. बकरी खरी होती की नव्हती, देव जाणे. माझा पाय ठणकत होता, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली होती, पण मी कुठे आहे ते मला कळत होतं. मग ती एकदम ओरडली, "आजी, खाडी! पाणी दिसतंय. वास येतोय का बघ."

मी नळीआडून लांब श्वास घेतला. परत घेतला.

"आला का?"

"नाही गं," मी म्हटलं. "औषधाचाच येतो."